धागा नेमका कुठे तुटला?

इचलकरंजीत यंत्रमाग असलेल्या एखाद्या गल्लीत तुम्ही कधी उभे राहिला आहात काय? खटखटाट इतका असतो की शेजारच्या माणसाशी ओरडूनच बोलावे लागते. पण त्या आवाजात वावरणाऱ्या कामगाराचा कान असा तयार झालेला असतो की शेडमधल्या अनेक मागांपैकी एक थांबला तरी तो चटकन मान वळवतो. या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी बसवला. तेव्हापासून आजपर्यंत थांबलेला माग पुन्हा सुरू करण्याचे काम इथे पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे.

माग थांबला म्हणजे बिघडला असे मात्र समजू नका. पुष्कळदा तो मुद्दामच थांबतो. धोटा इकडून तिकडे जाताना आडवा धागा, म्हणजे बाणा, सोडत जातो. हा धागा एका लहानशा काट्याला ढकलून तिरपा करतो. धागा तुटलेला असला की काट्याला ढकलणारे कोणी उरत नाही. तो तसाच राहतो, मागच्या आकड्यात अडकतो आणि माग बंद पाडतो. स्वयंचलित मागावर तर ताण्याच्या प्रत्येक उभ्या धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी लोंबत असते. धागा तुटताच ती खाली पडते, विजेचे मंडल पूर्ण होते आणि माग थांबतो. म्हणजे काय, तर थांबता थांबता यंत्र आपल्याला सांगून जाते की कुठे पाहायचे.

धागा पुन्हा पुन्हा तुटू लागला तर जॉबरला बोलावतात. चांगला जॉबर आल्या आल्या पाना हातात घेत नाही. तो आधी विचारतो: रोज त्याच जागी तुटतो की वेगवेगळ्या जागी? नवा बीम चढवल्यापासून की आधीपासून? त्याच जागी तुटत असेल तर तिथली वही नाहीतर फणी पाहायची. जागा बदलत असेल तर दोष सुतात किंवा सायझिंगमध्ये शोधायचा. तुमच्या लक्षात आले असेल की यंत्राला हात लावण्यापूर्वीच अर्धे मागचे काम झालेले आहे.

आता शेडमधून तुमच्या घरात या. समजा, तुमच्या दूरचित्रवाणी संचाच्या मागे तळहाताएवढा एक संगणक बसवला आहे. त्याचे नाव रास्पबेरी पाय. लांबी ८५ मिलिमीटर, रुंदी ५६ मिलिमीटर. तो पहिल्यांदा २०१२ साली बाजारात आला. नखाएवढ्या कार्डावरून तो आपली कार्यप्रणाली वाचतो, आणि शेजारच्या डिस्कवर साठवलेली गाणी, छायाचित्रे व चित्रफिती पडद्यावर दाखवतो. याला म्हणायचे घरगुती मीडिया सेंटर. डिस्कवर काय आहे? चित्रपट आहेत, ते गेले तर पुन्हा मिळतील. पण तिथेच आजोबांच्या साठीच्या समारंभाची चित्रफीतही आहे. जुन्या व्हीएचएस कॅसेटवरून ती उतरवून घेतली, आणि कॅसेटला बुरशी लागल्यामुळे ती टाकून दिली. आजोबांचा आवाज आता जगात एवढ्या एकाच जागी आहे. आणि नेमके पाहुणे आले असताना पडदा काळा झाला!

अशा वेळी घरातले कोणीतरी हमखास म्हणते, “सगळे पुसून नव्याने टाका, झाले!” मला हा सल्ला अतिशय घातक वाटतो. धागा तुटला म्हणून कोणी बीम जाळून टाकत नाही.

दुरुस्ती करण्यापूर्वी त्या कार्डावर काय काय असते ते समजून घेऊ. या लहान संगणकांवर मीडिया सेंटरसाठी लिब्रेइलेक नावाची कार्यप्रणाली पुष्कळ जण वापरतात. लिनक्स या मुक्त प्रणालीच्या पायावर ती उभी आहे, आणि तिचे काम एकच: कोडी नावाची आज्ञावली चालवणे. कोडीचा इतिहास गमतीचा आहे. २००१ साली एक्सबॉक्स नावाचे खेळांचे यंत्र निघाले. त्यावर खेळांऐवजी चित्रफिती दाखवता येतील का, या हौसेने काही प्रोग्रॅमरांनी एक आज्ञावली रचली. पुढे तिचे नाव एक्सबॉक्स मीडिया सेंटर पडले. नंतर ती इतर संगणकांवरही चालू लागली, तेव्हा जुने नाव गैरलागू झाले आणि २०१४ साली ‘कोडी’ हे नाव घेण्यात आले. लिब्रेइलेकची सुरुवात २०१६ सालची. दोन्ही विनामूल्य आहेत, आणि त्यांची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते. (कोडीबरोबर एकही चित्रपट येत नाही, हे ध्यानात ठेवा. “सगळे चित्रपट फुकट” म्हणून बाजारात जे डबे विकतात, त्यांत कोणीतरी चोरीच्या मालाची जोडणी करून दिलेली असते. अशा डब्यांचे बिघाड पुष्कळदा त्या जोडणीचेच असतात.)

लिब्रेइलेक कार्डाचे दोन भाग पाडते. पहिल्या लहान भागात कार्यप्रणाली दाबून, घट्ट बांधून ठेवलेली असते. ती रोजच्या वापरात फक्त वाचली जाते, तिच्यावर लिहिले जात नाही. दुसऱ्या भागात तुमच्या आवडीनिवडी, चित्रफितींची यादी आणि नोंदी असतात. तिथे सतत लेखन चालू असते. म्हणून अचानक वीज गेली तर धोका असतो तो मुख्यतः दुसऱ्या भागाला. अर्धवट लिहिलेले पान तसेच राहते. आणि ज्यांनी चित्रफिती वेगळ्या डिस्कवर न ठेवता कार्डाच्या याच दुसऱ्या भागात ठेवल्या आहेत, त्यांनी “नव्याने टाका” हा सल्ला ऐकला तर प्रणालीबरोबर आजोबाही पुसले जातात. तेव्हा पहिले काम हे: संगणक रीतसर बंद करा, डिस्क काढा, ती दुसऱ्या संगणकाला लावून मोलाच्या फिती आणखी एका जागी उतरवून घ्या. कार्डाचा दुसरा भाग लिनक्सच्या पद्धतीने आखलेला असतो. तो विंडोजवाल्या संगणकाला वाचता येत नाही, आणि “हे कार्ड वापरण्याआधी फॉरमॅट करायचे का?” असा प्रश्न तो विचारतो. तिथे घाईने ‘हो’ म्हणू नका! लिनक्स असलेला संगणक शोधा.

प्रत उतरवून झाली की मन शांत होते. आता शोधाला लागू.

भिंतीतल्या विजेपासून पडद्यापर्यंतची साखळी मनाशी मांडा: सॉकेट, अडॅप्टर, वायर, संगणक, कार्ड, कार्यप्रणाली, कोडी, चित्रफीत, एचडीएमआय वायर आणि शेवटी संच. दहा कड्या झाल्या. एकेक तपासत गेलात तर दुर्दैवाने दहावी कडी तुटकी निघू शकते. त्यापेक्षा साखळी मधोमध तोडून विचारा. उदाहरणार्थ, कोडीची निळसर यादी पडद्यावर दिसते काय? दिसत असेल तर सॉकेटपासून कोडीपर्यंत, आणि वायरपासून संचापर्यंत, सगळे निदान चालू तरी आहे. संशय उरला तो चित्रफितीवर आणि ती चालवताना पडणाऱ्या भारावर. यादीच दिसत नसेल तर तीच एचडीएमआय वायर आणि तोच संच दुसऱ्या एखाद्या यंत्राला जोडून पाहा. दर प्रश्नाला संशयितांची संख्या निम्मी होते. दहाचे पाच, पाचाचे तीन, तीनाचे दोन, दोनाचा एक: चार प्रश्नांत काम फत्ते. सोळा कड्या असत्या तरी चारच प्रश्न पुरले असते. पथ्य एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वायर आणि कार्ड एकदम बदलले आणि यंत्र सुरू झाले, तर दोघांपैकी गुन्हेगार कोण हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

मागावरचा तो काटा आठवतो ना? कोडीजवळही तसे काही आहे. ती चालू असताना सतत नोंदवही लिहीत असते. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, ओळ किती गंभीर आहे याचा शेरा, आणि काय घडले ते. साधी माहिती, इशारा आणि चूक असे शेरे असतात. चुकीच्या ओळी शोधा, आणि त्यातही शेवटची नव्हे तर पहिली शोधा. एक धागा तुटला की त्याच्यामुळे पुढचे दहा गुंततात. नोंदवहीतल्या नंतरच्या चुका पुष्कळदा अशा गुंत्याच्या असतात.

इथे एक खाचखळगा आहे. कोडी दर वेळी सुरू होताना नवी वही घेते आणि जुनी वही ‘ओल्ड’ असे नाव देऊन बाजूला ठेवते. पण जुनी म्हणजे फक्त आधीची एक. म्हणून यंत्र बंद पडल्यावर तुम्ही एकदा सुरू केले, तर अपघाताची हकिगत जुन्या वहीत असते. पुन्हा बंद करून पुन्हा सुरू केले की ती हकिगत गेली! आणि आपण नेमके हेच करतो. यंत्र रुसले की चार-पाच वेळा बटण दाबतो.

आणखी एक गोष्ट तुम्हाला बुचकळ्यात टाकील. नोंदवहीच्या पहिल्या ओळींवर कधीकधी भलतीच, जुनी तारीख दिसते. घाबरू नका. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या नमुन्यांत बॅटरीवर चालणारे घड्याळच नाही. सुरू झाल्यावर इंटरनेटवरून वेळ विचारून घेईपर्यंत त्या बिचाऱ्याला आज कोणता दिवस आहे हे माहीत नसते.

समजा, जुनी वही उघडली आणि दिसले की चित्रफीत सुरू झाल्याची ओळ आहे, नंतर दोन-तीन साध्या ओळी आहेत, आणि पुढे काहीच नाही. चूक नाही, इशारा नाही, ‘बंद होत आहे’ असा निरोपही नाही. लिहिता लिहिता लेखणी हातातून गळून पडावी तशी वही संपली आहे. हा पुरावा फार बोलका आहे. आज्ञावली चुकली असती तर बहुधा तिने काही तक्रार तरी लिहिली असती. इथे लिहिणाऱ्याची वीजच गेली.

“इचलकरंजीत व्होल्टेज पडतेच, सगळे माग एकदम चालू झाले की असे होणार,” असे शेजारी म्हणतील. पण थांबा. अडॅप्टरवरचे बारीक अक्षर वाचा. बहुतेक अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा कोणताही दाब चालवून घेतात. आपल्याकडे घरी येणारा दाब २३० व्होल्ट धरलेला असतो. तो १९० पर्यंत उतरला तरी अडॅप्टरच्या दुसऱ्या टोकाला ५.१ व्होल्टच मिळतात. मग दाब पडतो कुठे? वायरमध्ये!

गणित करून पाहू. स्वस्त वायरीत ०.३२ मिलिमीटर व्यासाची तांब्याची तार असते असे धरा. अशा एक मीटर तारेचा विद्युत्‌रोध सुमारे ०.२१ ओहम. वीज एका तारेने जाते आणि दुसरीने परत येते, म्हणून एक मीटर लांबीच्या वायरीचा रोध झाला सुमारे ०.४२ ओहम. ओहमच्या नियमाप्रमाणे प्रवाह गुणिले रोध म्हणजे वाटेत खर्च होणारा दाब. संगणक नुसती यादी दाखवत असताना समजा १ अँपिअर प्रवाह घेतो. वाटेत ०.४२ व्होल्ट गेले, संगणकाला ४.६८ मिळाले. चालते. आता चित्रफीत लावली, डिस्क फिरू लागली. तीही याच संगणकातून वीज ओढते. प्रवाह झाला १.५ अँपिअर. वाटेत ०.६३ व्होल्ट गेले, उरले ४.४७. रास्पबेरी पायवर दाबाची राखण करणारे एक मंडल आहे. ४.६३ व्होल्टच्या आसपास दाब घसरला की ते कमी दाबाचा इशारा देते. पुष्कळदा पडद्याच्या कोपऱ्यात विजेची पिवळी खूण चमकते, नाहीतर प्रणालीच्या नोंदीत तसा उल्लेख सापडतो. आणखी घसरला की संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. “यादी दिसते, पण चित्रफीत लावली की बंद पडते,” या तक्रारीचा उलगडा झाला.

आता तारेची जाडी बदला. ०.५१ मिलिमीटर व्यासाच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०८ ओहम. जाण्यायेण्याचे मिळून ०.१६, आणि १.५ अँपिअरला वाटखर्च केवळ ०.२४ व्होल्ट. संगणकाला ४.८६ मिळतात. अडॅप्टर तोच, संगणक तोच, कार्ड तेच! वायरीवर तारेच्या जाडीचा क्रमांक छापलेला असतो. पहिल्या तारेचा क्रमांक २८ आणि दुसरीचा २४. आकडा मोठा आणि तार बारीक, हे उलटे वाटेल. पण सूतवाल्यांच्या गावात कोणाला याचे नवल वाटायला नको: चाळीस नंबरचे सूत वीस नंबरच्या सुतापेक्षा बारीकच असते. तेव्हा आखूड आणि जाड वायर घ्या, आणि प्रयोग म्हणून डिस्क काढून एखादी लहान फीत कार्डावरून चालवून पाहा. (अडॅप्टर उघडण्याचा प्रयोग मात्र कोणीही करायचा नाही. आत घरातली पूर्ण २३० व्होल्टची वीज असते.)

यंत्र चालू झाले, आजोबा पडद्यावर आले. पण हात हलवताना त्यांच्या बोटांच्या कडांना फणीसारखे दाते दिसतात! हा बिघाड नव्हे, जुन्या तंत्राची खूण आहे. आपल्याकडच्या जुन्या दूरचित्रवाणीत सेकंदाला २५ चित्रे असत, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत पाठवले जाई: आधी विषम ओळी, मग सम ओळी. दोन हप्त्यांच्या मधल्या एक पन्नासांश सेकंदात हात पुढे सरकलेला असतो. दोन्ही हप्ते एकदम दाखवले की दाते दिसणारच. कोडीत चित्रफीत चालू असताना चित्राच्या मांडणीत या ओळी सोडवण्याची सोय आहे, ती सुरू करा. आणि कॅमेरा आडवा फिरताना चित्र ठेचकाळत असेल तर भागाकार करून पाहा. संच सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवतो आणि फितीत चित्रे २५. एका चित्राच्या वाट्याला २.४ वेळा येतात. पण अर्धवट रंगवणे शक्य नसते, म्हणून कोणाला दोनदा, कोणाला तीनदा असे वाटप होते. संचाला ५० चा ठेका लावून दिला की प्रत्येकाला नेमके दोन. कोडीला हा ठेका आपोआप बदलायला सांगता येते.

नवी फीत चालत नसेल आणि जुनी चालत असेल, तर चित्र कोणत्या पद्धतीने दाबून साठवले आहे ते पाहा. कळफलकावर इंग्रजी ‘ओ’ ही कळ दाबली की कोडी ते दाखवते. २०१६ च्या रास्पबेरी पाय ३ मध्ये एच.२६४ पद्धत उलगडणारे खास मंडल आहे, एच.२६५ चे नाही; ते २०१९ च्या पाय ४ मध्ये आले.

शेवटी मराठी अक्षरांकडे वळू. घरच्या फितीखाली तुम्ही हौसेने मराठी ओळी लिहिल्या, आणि पडद्यावर अक्षरांऐवजी भलतेच काही आले. काय आले ते नीट पाहा, कारण निदान त्यातच आहे. एकसारखे रिकामे चौकोन दिसले तर अक्षर बरोबर ओळखले गेले आहे, पण निवडलेल्या फॉन्टमध्ये त्याचा आकारच नाही. देवनागरी असलेला फॉन्ट निवडा. अक्षरे आहेत पण पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसली आणि जोडाक्षरे फुटली, तर फॉन्ट आहे, मात्र अक्षरे जुळवणारी व्यवस्था काम करत नाही. संगणक ‘कि’ साठवताना आधी क आणि मग वेलांटी ठेवतो. काढताना ती डावीकडे नेणे हे वेगळे काम आहे.

आणि सगळीकडे डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’, मधून मधून चलनाची चिन्हे, ठिपके, असा कचरा दिसला तर? मग फाईल चांगली आहे, वाचणारा चुकला आहे. युनिकोडमध्ये १९९१ सालापासून देवनागरीला स्वतःची जागा आहे. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन आकड्यांनी लिहितात. क म्हणजे २२४, १६४, १४९. देवनागरीतल्या चिन्हांचा पहिला आकडा नेहमी २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो. जुनी पाश्चात्त्य अक्षरयादी वापरणारा वाचक हे तीन आकडे तीन स्वतंत्र अक्षरे समजतो. त्याच्या यादीत २२४ म्हणजे रेघवाला ‘ए’ आणि १६५ म्हणजे जपानी येनचे चिन्ह! कोडीच्या मांडणीत उपशीर्षकांसाठी अक्षरसंच युनिकोड असा निवडा, म्हणजे कचऱ्याची मराठी होईल. फाईल युनिकोडपूर्व काळातल्या एखाद्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलेली असेल तर मात्र हा उपाय चालत नाही. त्यात मुळात इंग्रजी अक्षरांचेच आकडे साठवलेले असतात. तिचे रूपांतरच करावे लागते.

आता एक कोडे. क चा तिसरा आकडा १४९, ख चा १५०, ग चा १५१, असे ङ, ञ धरून वर्णमालेच्या क्रमाने पुढे मोजत जा. न आणि प यांच्यामध्ये खाली नुक्ता असलेल्या ‘न’ची एक जागा आहे, ती मोजायला विसरू नका. काना म्हणजे २२४, १६४, १९०. तर मग फाईलमध्ये पुढील नऊ आकडे सापडले तर तिथे कोणता शब्द लिहिला आहे?

२२४, १६४, १७४, २२४, १६४, १९०, २२४, १६४, १५१.

इचलकरंजीतल्या वाचकांना खिडकी उघडली की उत्तर ऐकू येईल.